निळ्या सायकलची सात वाक्यं

सायकलवर दोन मिनिटं बोला, असं त्या कार्डावर लिहिलेलं होतं. अस्सलराव बोलले. "माझ्याकडे सायकल नाही," असं शुद्ध इंग्रजीत म्हणाले, पाठोपाठ "धन्यवाद"ही म्हणाले, आणि उरलेली एक मिनिट बावन्न सेकंदं हात मांडीवर ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. परीक्षा घेणाऱ्या मॅडमनी पुढे बोला म्हणून दोनदा मान हलवली. अस्सलरावांनीही शिष्टाचार म्हणून दोनदा मान हलवली. निकाल आला तेव्हा वाचन, लेखन आणि ऐकणं या तिन्हीत ते पास होते आणि बोलण्यात साफ आपटले होते.

आता माणूस मुळात बुजरा असता तर गोष्ट वेगळी. पण अस्सलरावांना बोलण्याचं वावडं नव्हतं, वावडं होतं ते नसलेलं बोलण्याचं. जुन्या कागदपत्रांच्या कचेरीत, नक्कल विभागात, ते तेवीस वर्षं कारकून होते. मूळ कागद डावीकडे, प्रत उजवीकडे, दोन्हींवर एकेक बोट, आणि शब्दन्‌शब्द ताडून झाला की खाली लाल शाईने बरोबरची खूण करून लिहायचं, "मूळ प्रतीवरून पडताळून पाहिले." मग सही, मग तारीख. तेवीस वर्षं हे केल्यावर माणसाचं काय होतं? एका हॉटेलच्या उद्‌घाटनाला अभिप्रायाची वही पुढे आली. सगळ्यांनी "अप्रतिम", "फार छान" असं लिहिलं. यांनी लिहिलं, "दोन पंखे बंद होते." अस्सलराव हे नाव त्यांना कचेरीनेच दिलं आणि पुढे ते इतकं चिकटलं की घरच्या दारावरही लोक त्याच नावाने हाक मारू लागले.

ही परीक्षा काही हौस म्हणून दिलेली नव्हती. त्यांची बायको नर्स. चौदा महिन्यांपूर्वी ती दूरदेशी एका वृद्धाश्रमात नोकरीला गेली. नवऱ्याला मागून नेता येत होतं, पण त्या देशाचा नियम असा, की नवऱ्याला तिथली भाषा बोलता आली पाहिजे आणि तसा कागद हजर केला पाहिजे. त्याला मुदत होती. ती चार महिन्यांनी संपत होती, आणि एकदा संपली की अर्ज पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे आणखी दोन वर्षं नक्की. बायको रोज दुपारी फोन करायची. तक्रार तिच्या स्वभावात नाही. पण एकदा बोलता बोलता म्हणाली, "एकटीने जेवायचा फार कंटाळा येतो हो." त्या दिवसापासून अस्सलराव कचेरीत डबा उघडायचे ते तिचा फोन आल्यावरच. एकोणीस वर्षांच्या संसारात तिला आपली एवढी आठवण येईल असं त्यांना वाटलं नव्हतं, आणि आपल्याला तिची इतकी येईल असं तर मुळीच वाटलं नव्हतं.

नापास झाल्याची बातमी फुटल्यावर पहिला आला तो मेहुणा. त्याने स्वतः कधी परीक्षा दिलेली नव्हती, त्यामुळे त्याचा या विषयाचा अभ्यास दांडगा होता.

"काय भाऊजी, ठोकून द्यायचं. ते काय तुमच्या घरी येऊन सायकल बघणार आहेत?"

"तिथे रेकॉर्डिंग होतं," अस्सलराव म्हणाले.

"मग?"

"मग काय? रेकॉर्ड आहे ते."

मेहुण्याने कपाळाला हात लावला. जाताना तो एवढंच सांगून गेला, की क्लासवाल्यांच्या माहितीप्रमाणे यंदा सायकलीची लाट आहे, दर दुसऱ्या माणसाला तेच कार्ड येतंय, तेव्हा निदान सायकलवर तरी काहीतरी तयार ठेवा.

वरच्या मजल्यावर इंग्रजीच्या एक निवृत्त बाई राहत. अस्सलराव त्यांच्याकडे गेले. बाईंनी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं होतं आणि निवृत्तीनंतर चुका काढायला कोणी मिळत नसल्याने त्यांची तब्येत जरा खालावली होती. त्यांनी एका बैठकीत सात वाक्यांचं उत्तर लिहून दिलं. माझ्याकडे एक निळी सायकल आहे. मला माझ्या वडिलांनी सायकल शिकवली. मी रोज सकाळी तळ्याकाठच्या रस्त्याने सायकलवरून कामाला जातो. एकदा मी पडलो, पण घाबरलो नाही. सायकलमुळे माझी तब्येत सुधारली. माझं पाहून माझे शेजारीही सायकल चालवू लागले. आणि शेवटी, दर रविवारी मी आणि माझी पत्नी सायकलवरून फिरायला जातो.

अस्सलरावांनी बोट ठेवून सगळं वाचलं. मग अदबीने म्हणाले, की बाई, उत्तर सुरेख आहे, पण यातलं एकही वाक्य खरं नाही. बाईंना यात अडचण काय तेच कळेना. घरात मुंगीही न पाळलेल्या मुलांनी 'माझा आवडता प्राणी' यावर लिहिलेले हजारो निबंध त्यांनी तपासले होते. मग वाक्यं थोडी बदलता येतील का, असं अस्सलरावांनी विचारलं. ते मात्र बाईंना लागलं. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर उत्तराचा डौल जाईल, असं त्यांनी ठणकावलं आणि चहाही अर्धाच दिला.

अस्सलराव जिना उतरून आले आणि बराच वेळ कागदाकडे बघत बसले. प्रत बदलता येत नव्हती. मूळ आणि प्रत तर जुळली पाहिजे. तेव्हा राहता राहिलं काय, तर मूळ बदलायचं. तेवीस वर्षांत हा विचार त्यांना कधी शिवला नव्हता. पण एकदा शिवल्यावर तो इतका सरळ वाटला, की त्यांनी लगेच कपाटातून लाल पेन काढून कागदाला अडकवून ठेवलं.

पहिली खूण सोपी जाईल असं वाटलं होतं. सायकलच्या दुकानात जुनी एक सायकल मिळाली, पण ती मातकट लाल. दुकानदाराने रंगवून देतो म्हटलं आणि दिली. आता तो रंग निळा होता की हिरवा, यावर एकमत होईना. दुकानदार म्हणाला, डब्यावर निळाच लिहिलाय. बाई म्हणाल्या, याला इंग्रजीत वेगळा शब्द आहे आणि तो निळ्यात येत नाही. इमारतीचे सेक्रेटरी म्हणाले, मला तर काळपट दिसतो, पण माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय. अस्सलरावांनी सायकल परत नेऊन दुसरा हात मारून घेतला. ती इतकी निळी झाली, की बसल्यावर दोन आठवडे पँटही निळी होत होती.

पुढची अडचण ठेवायची. सेक्रेटरींकडे वाहन ठेवण्याचा छापील अर्ज होता आणि त्यात 'वाहनाचा नंबर' हा रकाना भरल्याशिवाय जागा मिळत नसे. सायकलला नंबर नसतो, असं अस्सलरावांनी नम्रपणे सांगितलं. मग ते वाहन नाही, असं सेक्रेटरींनी तितक्याच नम्रपणे सांगितलं. वाहन नाही तर मग सामान, आणि सामान जिन्याखाली ठेवायला बंदी. रकान्यात काहीतरी आकडा टाकून द्या, असंही सेक्रेटरींनी डोळा मिचकावून सुचवलं. पण कोणाला सांगताय. शेवटी सायकल तिसऱ्या मजल्यावर अस्सलरावांच्या बाहेरच्या खोलीत, सोफ्याच्या आणि टीव्हीच्या मधे राहू लागली. टीव्हीतली निम्मी बातमी चाकाच्या तारांतून दिसायची. बायकोला त्यांनी यातलं काही सांगितलं नव्हतं. तिने विचारलं नव्हतं, आणि न विचारलेलं न सांगणं हे खोट्यात मोडत नाही, असं त्यांचं मत होतं.

आता शिकवायला वडील. अस्सलरावांचे वडील, बाबा, पलीकडच्या गल्लीत थोरल्या मुलाकडे राहत. वय सत्त्याहत्तर. हा माणूस पोस्टमन होता आणि पस्तीस वर्षं त्याने सायकलवरून टपाल वाटलं होतं. तरीही त्याच्या मुलाला सायकल येत नव्हती. कारण सायकल पोस्टाची होती आणि पोस्टाच्या मालाला घरच्या माणसाने हात लावायचा नाही, असा बाबांचा नियम. ती रोज संध्याकाळी दारात कुलूप लावून उभी असायची आणि मुलगा शाळेचा अभ्यास करत तिच्याकडे बघायचा.

सेहेचाळिसाव्या वर्षी मुलगा येऊन म्हणाला, "बाबा, मला सायकल शिकवा." बाबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "तेव्हा का नाही विचारलंस?" एवढंच म्हणाले आणि चपला शोधू लागले.

गल्लीपलीकडे एका बंद पडलेल्या गोदामाचं आवार होतं. तिथे रोज संध्याकाळी हा कार्यक्रम चाले. टक्कल पडू लागलेला मुलगा सीटवर, आणि मागे सीट धरून गुडघेदुखीचे बाबा. बघ्यांची कमी नव्हती. एकाने सांगितलं, पुढच्या चाकाकडे बघा. दुसऱ्याने सांगितलं, चाकाकडे सोडून कुठेही बघा. तिसऱ्याने सल्ला दिला, की या वयात हे करू नये. तो एकटाच अनुभवाचं बोलत होता. अस्सलराव आठ दिवसांत अकरा वेळा पडले. चौथं वाक्य, पडण्याचं, निदान अकरा पटीने खरं झालं असं कोणालाही वाटेल, पण नाही. 'पडलो, पण घाबरलो नाही' असं वाक्य होतं, आणि अकराही वेळा अस्सलराव मनापासून घाबरले होते. अकराच्या अकरा पडणी बाद झाली.

नवव्या दिवशी सायकल चालली. मागून बाबांचा आवाज येत होता, "धरलंय रे, धरलंय." अस्सलराव निश्चिंत पायडल मारत होते. आवाज जरा लांबून येतोय असं वाटलं म्हणून त्यांनी मागे पाहिलं, तर बाबा चाळीस पावलांवर गोदामाच्या कठड्यावर बसून गुडघा चोळत होते आणि बसल्या जागेवरून ओरडत होते, "धरलंय, धरलंय." अस्सलराव थेट फाटकात घुसले.

"बाबा, तुम्ही खोटं बोललात," उतरून कपडे झटकत ते म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

"मग काय 'सोडलंय' म्हणून ओरडू?"

"पण जे नाही ते..."

"हे बघ," बाबा म्हणाले, "वाचता न येणाऱ्या लोकांना मी पस्तीस वर्षं पत्रं वाचून दाखवली. सगळी काही जशीच्या तशी नाही वाचली."

अस्सलरावांना हा धक्का सायकलवरून पडण्यापेक्षा मोठा होता. ज्या माणसाने पोस्टाच्या सायकलची घंटी पोराला वाजवू दिली नाही, त्याने लोकांची पत्रं बदलून वाचली. दोन दिवस ते बाबांशी बोलले नाहीत. दुसऱ्या वाक्यापुढे खूण केली, पण पेन्सिलीने.

त्यानंतर मात्र गाडी रुळावर आली. तळ्याकाठचा रस्ता कचेरीच्या उलट दिशेला होता, त्यामुळे दहा मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागू लागला. पण वाक्य ते वाक्य. पडण्याचा प्रश्न कचेरीच्या फाटकातच सुटला. अस्सलराव उभ्या सायकलवर, एक पाय जमिनीवर टेकवून, भूतकाळाची रूपं आठवत होते आणि आठवता आठवता आडवे झाले. आपण पडलोय हे त्यांना शिपायाने सांगितल्यावर कळलं, त्यामुळे घाबरायला सवडच मिळाली नाही. शिपाई साक्षीला होता. तब्येतीचं वाक्य डॉक्टरांकडे अडलं. रक्तदाब वाढला होता, गुडघा सुजला होता, कोपरावर तीन टाके होते. काहीच सुधारलं नाही का हो, असं अस्सलरावांनी इतक्या काकुळतीने विचारलं, की डॉक्टरांनी पुन्हा सगळं तपासलं. भूक सुधारली होती. भूक तब्येतीत धरतात का, हे बाईंना विचारून घेतलं. धरतात.

राहिले शेजारी. ते ऐकतील अशी आशा नव्हती. पण रोज तिसऱ्या मजल्यावरून सायकल खांद्यावर घेऊन उतरणारा माणूस बघून सेक्रेटरींच्या मनात काहीतरी हललं असावं. परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी ते स्वतः आले, म्हणाले, लहानपणी मी दोन्ही हात सोडून चालवायचो, जरा एक चक्कर मारून येऊ का? अस्सलरावांना गहिवरून आलं. त्यांनी सायकल स्वतः खाली नेऊन दिली, सेक्रेटरी फाटकाबाहेर वळेपर्यंत टाटा केला आणि वर येऊन सहाव्या वाक्यापुढे ठसठशीत लाल खूण केली. सातात सहा. सातवं बायकोचं, ते इथून होण्यासारखं नव्हतं.

पाच वाजता सेक्रेटरी पायी परत आले. कोपऱ्यावर ओळखीचा माणूस भेटला, म्हणून सायकल पाण्याच्या टँकरमागे टेकवून ते बोलत उभे राहिले. टँकर मागे आला. सेक्रेटरींच्या हातात घंटी होती, तेवढीच सुटी निघाली होती. "रंग मात्र कुठे उडाला नाही हो," असं ते म्हणाले. एरवी मोठा रुबाब करणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांना अस्सलरावांकडे बघवेना.

अस्सलराव रागावले नाहीत. त्यांनी कागद घेतला आणि पहिल्या वाक्यावरची खूण खोडली. 'माझ्याकडे एक निळी सायकल आहे.' नाही. मग तिसऱ्यावरची. 'रोज जातो.' कशावरून? सहावं वाक्य खरं झालं आणि त्याने पहिलं आणि तिसरं खाल्लं. मेहुणा म्हणाला, भाऊजी, कालपर्यंत होती ना, एका दिवसाने काय बिघडतं. बाई म्हणाल्या, मुदत संपायला सहा दिवस राहिलेत, पुन्हा परीक्षा मिळणार नाही, डोळे मिटून म्हणून टाका. बाबांनी ती घंटी पुसून मुलाच्या खिशात टाकली.

परीक्षेला त्याच मॅडम होत्या. त्यांनी यंत्र चालू केलं आणि कार्ड पुढे केलं. सायकल. अस्सलरावांच्या तोंडात ते डौलदार पहिलं वाक्य तयारच होतं. त्यांनी तोंड उघडलं, "माझ्याकडे" म्हणाले आणि थांबले. यंत्राचा लाल दिवा लुकलुकत होता. घड्याळ चालू होतं. समोर मॅडम, आणि त्यांच्यामागे कुठेतरी, समुद्रापलीकडे, एका ताटाशी एकटी बसलेली बायको. एक वाक्य खोटं बोललं की झालं. अस्सलरावांच्या तोंडातून मात्र निघालं ते असं, की मॅडम, काल संध्याकाळी पाच वाजेपर्यंत माझ्याकडे निळी सायकल होती.

"काय झालं तिचं?" मॅडमनी विचारलं.

आणि अस्सलराव सुटले. टँकर, सेक्रेटरी, नंबराचा रकाना, दुसरा हात, निळी पँट, अकरा बाद पडणी, कचेरीच्या फाटकातलं मंजूर पडणं, भूक, सगळं. क्रियापदं मागे राहिली, काळ एकमेकांत अडकले, एका ठिकाणी शब्द सापडेना म्हणून त्यांनी खिशातून घंटी काढून वाजवली. पण थांबले म्हणून नाहीत. दोन मिनिटं झाली तेव्हा मॅडमनी हात वर केला. अस्सलराव म्हणाले, एक वाक्य प्रलंबित आहे. नियमात नव्हतं, पण मॅडमनी कोणतं म्हणून विचारलं. अस्सलरावांनी सातवं वाक्य सांगितलं. ते का राहिलं, हेही सांगितलं. मॅडमनी यंत्र बंद केलं आणि बराच वेळ काहीतरी लिहीत राहिल्या.

मुदतीला एक दिवस राहिला असताना निकाल आला. अस्सलराव पास झाले होते. काठावर नाही, चांगले वर. बाईंनी मार्क पाहून, आपण डौलाकडे किती लक्ष दिलं होतं ते सगळ्या इमारतीला सांगितलं.

तिकडे पोचल्यावर पहिल्याच रविवारी अस्सलरावांनी तासाच्या बोलीवर दोन सायकली आणल्या. वृद्धाश्रमामागे लांबच लांब सपाट रस्ता होता. घडी पडलेला तो कागद आणि लाल पेन खिशात होतंच. त्यांनी बायकोला सगळी कहाणी सांगितली आणि एक सायकल तिच्यापुढे केली. ती आधी पोट धरून हसली, मग तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "अहो, पण मला सायकल कुठे येते?"

तेवीस वर्षं कागद पडताळणाऱ्या माणसाने एकोणीस वर्षांत एवढी गोष्ट बायकोला विचारली नव्हती.

मग काय करणार? एक सायकल भिंतीला टेकवली आणि दुसरीची सीट धरली. वृद्धाश्रमातली मंडळी खुर्च्या ओढून खिडक्यांशी जमली. एक आजोबा ओरडले, पुढच्या चाकाकडे बघ. एक आजीबाई ओरडल्या, चाकाकडे बघू नकोस. भाषा परकी होती, पण सल्ले तेच होते. पहिल्या रविवारी ती चारदा पडली. दुसऱ्या रविवारी तीनदा. तिसऱ्या रविवारी सायकल सरळ धावायला लागली आणि धावता धावता अस्सलरावांच्या लक्षात आलं, की हाताला वजन लागत नाहीये. त्यांनी सीट सोडली आणि ते रस्त्याच्या मधोमध उभे राहिले.

"सोडू नका हं," ती पुढे बघतच म्हणाली. "धरलंय ना?"

सायकल दहा पावलं गेली, वीस गेली. अस्सलरावांनी आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"धरलंय," ते ओरडले. "धरलंय, धरलंय. तू चल पुढे."